दुर्बिणीतून थायरॉइड शस्त्रक्रिया आणि वायूच्या बुडबुड्याची वेळीच ओळख

(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा पाठ)



दरवर्षी या सभेत प्रशासनाच्या वतीने आम्ही जमाखर्चाचा तपशील आणि पुढील वर्षाचे संकल्प आपणांपुढे ठेवत असतो. यंदा विश्वस्त मंडळाने आमच्यावर थोडे निराळे काम सोपविले आहे. शस्त्रक्रियागृहासाठी आपण दिलेल्या देणगीतून दुर्बीण, कॅमेरा, पडदा आणि गॅस भरण्याचे यंत्र रुग्णालयात येऊन दाखल झाले. परंतु त्या साधनांनी थायरॉइड ग्रंथीची पहिली शस्त्रक्रिया होण्याआधी बरेच महिने गेले, आणि त्या अवधीत आम्ही श्वासातील वायू मोजणारे आणखी एक उपकरण, मोठ्या शिरेत नळी घालण्याचे संच आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांवर खर्च केला. "यंत्र आले असता काम का थांबले?" असे काही देणगीदारांनी पत्राने विचारले. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आहोत, वैद्यक आमचा विषय नव्हे. तरीही शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ यांच्या बैठकांत बसून, त्यांनी समजावून दिलेले टिपून घेऊन जे आम्हांस उमगले ते आपल्याच भाषेत सांगण्याचा हा प्रयत्न आहे. या पाठाचा वैद्यकीय भाग आमच्या भूलतज्ज्ञांनी तपासून दिला आहे.

थायरॉइड ही मानेच्या पुढील भागात, श्वासनलिकेला बिलगून असलेली, फुलपाखराच्या आकाराची लहानशी ग्रंथी होय. ती वाढली की गळ्यावर गाठ दिसू लागते. आपल्याकडे तिला गलगंड म्हणतात आणि आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांतही हा शब्द आढळतो. सर्वच गाठींना शस्त्रक्रिया लागत नाही. जिथे कर्करोगाची शंका असते, श्वासनलिका किंवा अन्ननलिका दाबली जाते, किंवा औषधांनी आटोक्यात न येणारा अतिस्राव असतो, तिथे ग्रंथीचा अर्धा अथवा संपूर्ण भाग काढावा लागतो.

एके काळी ही शस्त्रक्रिया इतकी घातक मानली जाई की नामांकित शल्यविशारदही ती टाळत. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील थिओडोर कोखर यांनी निर्जंतुकता आणि काटेकोर रक्तस्राव-नियंत्रण यांच्या बळावर तिच्यातील मृत्यूचे प्रमाण अत्यंत खाली आणले. १९०९ साली त्यांना थायरॉइडवरील कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. गळ्याच्या तळाशी आडवा छेद घेऊन करावयाची ही उघडी शस्त्रक्रिया आजही जगभर प्रचलित आहे, सुरक्षित आहे, आणि आमच्या रुग्णालयातही बहुसंख्य रुग्णांसाठी तीच निवडली जाते. तिचा एकच दृश्य तोटा म्हणजे गळ्यावर राहणारा व्रण. थायरॉइडचे विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत पुष्कळ अधिक. त्यात तरुण वयाच्या मुली असतात, आणि गळ्यावरच्या रेघेकडे समाज कोणत्या नजरेने पाहतो हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

या व्रणातून सुटका करण्यासाठी दुर्बिणीचा मार्ग निघाला. मानेतील दुर्बिणीच्या पहिल्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत मिशेल गॅनिए या शल्यविशारदांनी १९९६ साली प्रसिद्ध केला. ती थायरॉइडच्या पाठीमागे असलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथींची होती. पुढच्याच वर्षी थायरॉइडचा अर्धा भाग दुर्बिणीतून काढल्याची नोंद झाली. त्यानंतर जपान व कोरिया येथील शल्यचिकित्सकांनी काखेतून आणि छातीवरून जाण्याच्या पद्धती विकसित केल्या. बँकॉक येथील डॉ. अंगकून अनुवाँग यांनी खालच्या ओठाच्या आतील बाजूने जाण्याच्या पद्धतीचे पहिले ६० रुग्ण २०१६ साली वैद्यकीय जगापुढे मांडले. या शेवटच्या पद्धतीत बाहेरून दिसणारा व्रण मुळीच राहत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. पोटात निसर्गतःच पोकळी असते. त्यात गॅस भरला की पोट फुगते आणि दुर्बिणीला जागा मिळते. मानेत अशी पोकळी नसते. त्वचा व स्नायू यांच्यामधील पापुद्रे हलकेच विलग करून तिथे कृत्रिम जागा तयार करावी लागते आणि ती उघडी ठेवण्यासाठी एक तर आकड्यांनी त्वचा उचलून धरावी लागते किंवा गॅस भरावा लागतो. भरावयाचा गॅस असतो कार्बन डायऑक्साइड. तो पेट घेत नाही, आणि रक्तात प्राणवायूच्या वीसपटींहून अधिक सहजतेने विरघळतो. विरघळलेला वायू फुफ्फुसांवाटे श्वासातून बाहेर पडतो. पोटाच्या शस्त्रक्रियेत या गॅसचा दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा इतका ठेवतात. मानेत तो ६ मिलिमीटरच्या आसपास ठेवण्याचा प्रघात पडला आहे. याचे कारण अनुभवात आहे. मानेतील त्या पहिल्याच शस्त्रक्रियेत गॅस त्वचेखाली दूरवर पसरला होता आणि रुग्णाच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढले होते.

हा वायू त्वचेखाली पसरणे ही एक गोष्ट, आणि तो थेट शिरेत शिरणे ही अगदी दुसरी. शिरेत शिरलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोहोचतो आणि तिथून फुफ्फुसांकडे जाणारी वाट अडवतो. यालाच वैद्यकात गॅस एम्बोलिझम म्हणतात. बुडबुडे थोडे असले तर ते विरघळून जातात. पोटाच्या दुर्बीण-शस्त्रक्रियांत अन्ननलिकेतून हृदयाची सोनोग्राफी करून पाहिली असता रुग्णाला काहीही न जाणवता असे बारीक बुडबुडे जाताना दिसलेले आहेत. पण वायू एकदम मोठ्या प्रमाणात शिरला तर हृदयाच्या पंपात रक्ताऐवजी फेस येतो. पंप चालू असतो, पण पुढे काही ढकलले जात नाही. रक्तदाब कोसळतो, प्राणवायू घटतो, आणि काही मिनिटांत हृदय बंद पडू शकते. प्रौढांपैकी सुमारे एक चतुर्थांश व्यक्तींच्या हृदयात उजव्या व डाव्या कप्प्यांमधील जन्मापूर्वीची खिडकी पूर्ण मिटलेली नसते. अशांच्या बाबतीत बुडबुडा डावीकडे जाऊन मेंदूपर्यंतही पोहोचू शकतो.

मानेत ही भीती विशेष का, असा प्रश्न आम्ही भूलतज्ज्ञांना विचारला. त्यांनी तीन कारणे सांगितली. पहिले, थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत डोक्याकडची बाजू किंचित उंच ठेवतात. त्यामुळे मान हृदयापेक्षा वर येते आणि तिथल्या शिरांतील दाब शून्याच्या आसपास, क्वचित त्याहूनही खाली जातो. अशा वेळी ६ मिलिमीटरचा अल्प दाबही शिरेतील दाबापेक्षा जास्त ठरतो, आणि वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाणारच. दुसरे, मानेतील शिरांच्या भिंती भोवतालच्या पापुद्र्यांना चिकटलेल्या असतात. शीर कापली गेली तरी ती पिचकून मिटत नाही, उघडीच राहते. तिसरे, जागा तयार करताना मानेच्या पुढच्या बाजूने उभी जाणारी शीर नेमकी वाटेत येते. वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या घटनांत हीच शीर दुखावल्याचे आढळते. मानेच्या शिरेतून हवा आत ओढली जाते ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातील शल्यविशारदांनाही ठाऊक होती. गॅसमुळे त्या जुन्या धोक्याला नवे दार मिळाले, इतकेच.

हा अपघात विरळा आहे, हे आम्ही आवर्जून सांगतो. आपणांस भिववावे असा हेतू नाही. पण विरळा अपघात ओळखणे अधिक कठीण असते, कारण तो पाहण्याची कोणाच्याही डोळ्यांना सवय नसते. म्हणून तो कसा ओळखावयाचा हे आधीच ठरवून ठेवावे लागते.

भूल दिलेला रुग्ण बोलत नाही, म्हणून यंत्रे त्याच्या वतीने बोलतात. यांत सर्वांत महत्त्वाचे यंत्र कॅप्नोग्राफ. प्रत्येक उच्छ्वासाच्या अखेरीस किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो हे ते दाखवते. सामान्यतः हा आकडा ३५ ते ४५ मिलिमीटर पारा इतका असतो. आमच्यासारख्या हिशेबनिसाला ते समजले ते असे: फुफ्फुस ही बाजारपेठ आणि रक्त हा माल आणणारा गाडा. माल येत राहिला की बाहेर जाणाऱ्या मालाची नोंद वहीत होत राहते. वाट अडली, गाडे यायचे थांबले, तर बाजारातील सर्व व्यवस्था ठाकठीक असूनही जावकेचा आकडा एकदम खाली येतो. हृदयात बुडबुडा अडकला की फुफ्फुसांकडे रक्त पोहोचत नाही आणि कॅप्नोग्राफचा आकडा क्षणार्धात घसरतो. श्वास यंत्राने नीट चाललेला असतो, नळी जागेवर असते, आणि तरीही आकडा पडतो. हीच धोक्याची पहिली घंटा.

इथे एक बारकावा आहे आणि तो आमच्या परिचारिकांनी वारंवार घोटून पाठ केला आहे. गॅस त्वचेखाली पसरून हळूहळू रक्तात शोषला जात असेल तर हा आकडा सावकाश वर चढतो. त्वचेवर बोट दाबले असता चुरचुर लागते. तिथे गॅसचा दाब कमी करणे आणि श्वासाचे प्रमाण वाढवणे पुरते. याउलट आकडा अचानक खाली आला तर बुडबुड्याची शंका घ्यावयाची. कधीकधी शिरेत शिरलेला थोडा वायू विरघळून आधी क्षणभर आकडा वाढतो आणि मग पडतो. म्हणून एका आकड्याकडे न पाहता त्याच्या चालीकडे पाहावयाचे.

पाठोपाठ इतर चिन्हे येतात. रक्तदाब उतरतो. पल्स ऑक्सिमीटरवरील प्राणवायूचे प्रमाण घटते. नाडी आधी जलद, मग अनियमित किंवा मंद होते. हृदयाच्या आलेखात उजव्या बाजूवर ताण आल्याच्या खुणा उमटतात. मानेच्या शिरा फुगतात. छातीवर नळी ठेवून ऐकले तर क्वचित पाणचक्की फिरावी तसा घुसळल्याचा आवाज येतो. मात्र तो उशिरा येणारा आवाज आहे, त्याची वाट पाहत बसावयाचे नाही. सर्वांत संवेदनशील तपासणी म्हणजे अन्ननलिकेतून केलेली हृदयाची सोनोग्राफी, आणि त्याखालोखाल छातीवर ठेवण्याचा डॉपलर. ही साधने प्रत्येक शस्त्रक्रियेत लावली जात नाहीत. कॅप्नोग्राफ मात्र प्रत्येक वेळी असलाच पाहिजे.

अशीच चिन्हे इतर कारणांनीही दिसू शकतात. श्वासनळीचा जोड निसटला तर आकडा शून्यावर येतो, पण त्या क्षणी रक्तदाब ठीक असतो. मोठा रक्तस्राव असेल तर रक्त दिसते. मानेतील मोठ्या धमनीजवळ दाब पडला तर नाडी एकाएकी मंद होते आणि हात काढताच सुधारते. फुफ्फुसाभोवती हवा साठली तर छातीच्या एका बाजूचा श्वास ऐकू येत नाही. भूलतज्ज्ञ ही यादी काही क्षणांत मनात तपासतात. पण त्यांनी आम्हांस एक वाक्य सांगितले, जे आता शस्त्रक्रियागृहाच्या भिंतीवर लावले आहे: "गॅस चालू असताना आकडा पडला, तर आधी गॅस बंद, मग विचार." निदान चुकीचे निघाले तर पाच मिनिटे वाया जातील. निदान बरोबर असून गॅस चालू राहिला तर रुग्ण जाईल. या दोन तोट्यांची तुलना करण्यास वाणिज्य शाखेची पदवीही लागत नाही.

पुढील उपाय क्रमाने असे. गॅस बंद करून आत भरलेला सोडून द्यावयाचा. जखमेवर ओला बोळा दाबून किंवा ती जागा सलाइनने भरून उघडी शीर झाकावयाची. पूर्ण प्राणवायू सुरू करावयाचा, आणि भुलेसाठी नायट्रस ऑक्साइड चालू असल्यास तो बंद करावयाचा, कारण तो बुडबुडा मोठा करू शकतो. डोक्याकडची बाजू खाली करावयाची, जेणेकरून मानेतील शिरांचा दाब वाढून आणखी वायू आत जाणार नाही. शक्य असल्यास रुग्णाला डाव्या कुशीवर वळवावयाचे. १९४७ साली ड्युरंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचविलेल्या या स्थितीत हृदयातून बाहेर पडण्याच्या वाटेपासून बुडबुडा दूर राहतो, असे त्यामागील तत्त्व आहे. रक्तदाब सावरण्याची औषधे द्यावयाची. मोठ्या शिरेत नळी असेल तर तिच्यातून वायू ओढून काढण्याचा प्रयत्न करावयाचा. हृदय थांबलेच तर कुशीचा आग्रह सोडून रुग्णाला उताणे करून तत्काळ छातीदाब सुरू करावयाचा. छातीदाबाने रक्त पुढे जाते आणि बुडबुडेही फुटतात.

यात एक दिलासा आहे. कार्बन डायऑक्साइड लवकर विरघळणारा असल्यामुळे नवा वायू शिरायचा थांबला की आत असलेला बुडबुडा लवकर ओसरतो. साध्या हवेतील नायट्रोजनच्या बाबतीत असे घडत नाही. प्राण्यांवरील जुन्या प्रयोगांत हवेच्या सुमारे पाचपट कार्बन डायऑक्साइड सहन झाल्याचे दिसले आहे. म्हणजेच, वेळेवर ओळखले तर रुग्ण वाचण्याची शक्यता पुष्कळ आहे, आणि सारा भार "वेळेवर" या शब्दावर आहे.

याच ज्ञानातून आमचा पुढील खर्च उभा राहिला. गॅस यंत्राच्या नव्या रबरी नळीत सुरुवातीला साधी हवा भरलेली असते. ती रुग्णाला जोडण्यापूर्वी कार्बन डायऑक्साइडने धुऊन काढली नाही तर पहिला झोत हवेचाच जातो. हे काम आता तपासणी-यादीत स्वतंत्र ओळीने लिहिले आहे आणि त्यापुढे परिचारिकेची सही लागते. सिलिंडरचा रंग आणि त्यावरील नाव दोन व्यक्तींनी वाचावयाचे. आपल्या देशात कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर राखाडी, तर प्राणवायूचा काळा आणि खांद्याशी पांढरा असतो. तरीही केवळ रंगावर विसंबावयाचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी तपासणी-यादी प्रसिद्ध केली. तिच्या धर्तीवर छेद घेण्यापूर्वी सर्वांनी थांबून नावे, शस्त्रक्रिया आणि संभाव्य धोके मोठ्याने उच्चारावयाचे असतात. त्यात दुर्बिणीच्या थायरॉइड शस्त्रक्रियेसाठी आम्ही एक प्रश्न जोडला: "गॅस कोण बंद करणार?" उत्तरादाखल एका व्यक्तीने हात वर करावयाचा. ज्या कामाला एकाचे नाव नसते ते सर्वांचे असते, आणि सर्वांचे असते ते कोणाचेच नसते, हा प्रशासनातील अनुभव शस्त्रक्रियागृहातही लागू पडतो.

गॅस चालू असेपर्यंत कॅप्नोग्राफचा गजर बंद करावयाचा नाही, असा दुसरा नियम. एक कॅप्नोग्राफ बिघडला तर दुसरा हाताशी असावा म्हणून जादा उपकरण घेतले. ते नसेल तर त्या दिवशी दुर्बिणीची शस्त्रक्रिया होणार नाही, ती पुढे ढकलली जाईल किंवा उघड्या पद्धतीने होईल. भरावयाचा दाब ६ मिलिमीटरवर बांधून ठेवावयाचा आणि तो वाढविण्यापूर्वी शल्यचिकित्सकांनी भूलतज्ज्ञांस मोठ्याने सांगावयाचे. आणि सर्वांत वेळखाऊ काम म्हणजे सराव. पुतळा टेबलावर ठेवून, भूलतज्ज्ञांनी पूर्वसूचना न देता "आकडा पडला" असे म्हणावयाचे आणि घड्याळ लावावयाचे. शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, परिचारिका, तंत्रज्ञ, इतकेच नव्हे तर टेबलाचे हँडल फिरविणारे वॉर्डबॉयही यात सामील असतात, कारण डोके खाली करण्याचे काम शेवटी त्यांच्याच हातून होते. प्रत्येकाला आपली जागा आणि आपले वाक्य पाठ होईपर्यंत आम्ही पहिल्या रुग्णाची तारीख दिली नाही. देणगीदारांनी विचारलेल्या विलंबाचे हे संपूर्ण उत्तर होय.

आता रुग्णांच्या नातेवाइकांसाठी दोन शब्द. बाह्यरुग्ण विभागात एका मुलीचे वडील म्हणाले, "साहेब, एका रेघेसाठी जीव धोक्यात घालायचा का?" शेजारी बसलेली मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, रेघ माझ्या गळ्यावर राहणार आहे. मला नीट समजावून सांगू द्या, मग मी ठरवीन." दोघांचेही बरोबर होते. आम्ही तेव्हापासून संमतिपत्र दोन भागांत केले. पहिला भाग वाचून घरी न्यावयाचा, दुसऱ्यावर सही पुढच्या भेटीत. मराठीत, साध्या शब्दांत त्यात लिहिले आहे की उघडी शस्त्रक्रिया हा कमी दर्जाचा पर्याय नाही. आवाजाची नस दुखावणे आणि कॅल्शियम कमी होणे हे धोके दोन्ही पद्धतींत आहेत. शिरेत गॅस जाण्याचा धोका विरळा असला तरी तो गॅसच्या पद्धतीत आहे. आणि मध्येच अडचण आली तर शल्यचिकित्सक दुर्बीण बाजूला ठेवून गळ्यावर छेद घेतील. तसे झाले तर ते अपयश समजू नये. गाठ फार मोठी असेल, मानेवर पूर्वी शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार झाले असतील, कर्करोग पसरला असेल, तर दुर्बिणीचा मार्ग सुचविलाच जात नाही. हे सारे वाचून काही रुग्णांनी दुर्बीण निवडली, काहींनी उघडी पद्धत निवडली. आम्ही कोणालाही कोणत्याही बाजूला झुकविले नाही, आणि यापुढेही झुकविणार नाही.

बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना कळविण्याची पद्धतही ठरविली आहे. शस्त्रक्रियेचा मार्ग बदलला किंवा वेळ लांबला तर आतून एक ज्येष्ठ परिचारिका बाहेर येऊन सांगेल. तिने काय सांगावे हे डॉक्टर ठरवतील, पण कोणीतरी येऊन सांगेल याची हमी प्रशासनाची. बंद दाराकडे पाहत बसलेल्या माणसाला बातमी वाईट असली तरी सोसते, पण कोणी काहीच न सांगणे सोसत नाही.

धर्मादाय रुग्णालय म्हणून आपल्यावर आणखी एक दायित्व आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. खाट मोफत देणे हे कायद्याचे पालन झाले. त्या खाटेवरच्या रुग्णाला शस्त्रक्रियागृहात तोच कॅप्नोग्राफ, तीच तपासणी-यादी आणि तेच प्रशिक्षित हात मिळणे हे धर्माचे पालन होय. निर्धन रुग्णासाठी जुने यंत्र आणि पैसे भरणाऱ्यासाठी नवे, असा भेद आमच्या शस्त्रक्रियागृहात नाही. बुडबुडा रुग्णाचे उत्पन्न विचारून शिरेत शिरत नाही.

देणगीदार बंधु-भगिनींनो, कॅमेऱ्यावर आपल्या आई-वडिलांच्या नावाची पाटी लावता येते आणि ती पाहून मन भरून येते, हे आम्ही जाणतो. परंतु सरावात गेलेले तास, दुरुस्तीचा वार्षिक करार, वापरल्यावाचून मुदत संपून टाकून द्यावे लागणारे नळीचे संच, यांवर पाटी लावावयास जागा नसते. ज्या वर्षी हे संच एकदाही उघडावे लागणार नाहीत ते वर्ष आम्ही सर्वांत यशस्वी मानू, आणि हिशेबात मात्र तो खर्च निष्फळ दिसेल. पुढील वर्षासाठी विश्वस्त मंडळापुढे आमची विनंती अशी की शस्त्रक्रियागृहाच्या प्रत्येक यंत्र-देणगीतील ठरावीक वाटा देखभाल व प्रशिक्षण यांसाठी राखून ठेवण्याचा ठराव संमत करावा. ज्या देणगीदारांनी पत्रे पाठविली त्यांना या ठरावाचा मसुदा आम्ही आगाऊ पाठविला आहे. त्यांच्या प्रश्नांमुळेच हा विषय सभेपुढे आला, याबद्दल आम्ही त्यांचे मनःपूर्वक आभारी आहोत.

आमचे शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, परिचारिका, तंत्रज्ञ आणि वॉर्डबॉय यांनी रविवारची सुट्टी सोडून सराव केला, त्यांचे ऋण शब्दांत व्यक्त होणारे नाही. विश्वस्तांनी विलंब सोसला आणि त्यामागील कारण समजून घेतले. रुग्णांनी व त्यांच्या आप्तांनी कठीण प्रश्न विचारले आणि उत्तरे लक्षपूर्वक ऐकली. ज्या दिवशी त्या पडद्यावरचा आकडा घसरेल, त्या दिवशी खोलीतील प्रत्येकाला आपले काम ठाऊक असेल, एवढी तयारी आपण सर्वांनी मिळून केली आहे. ती तशीच टिकवून धरण्यासाठी आपला लोभ असाच राहावा, ही नम्र प्रार्थना करून आम्ही रजा घेतो.